शरदातली बाग: तुमच्याकडे काय फुललंय? (आणि माझी शेवंती का रुसलीये?)

ओसरी | ६ ऑक्टोबर, सकाळी ७:४०

नवरात्र चालू आहे, सकाळी सहाला मागचं दार उघडलं आणि टेरेसभर प्राजक्ताचा सडा. आमचा प्राजक्त म्हणजे अर्धा कापलेला निळा पिंप आणि त्यात पाच वर्षांचं झाड, त्याची अर्धी फांदी वॉशिंग मशीनवर आलीये त्यामुळे मशीनचं झाकण उघडायच्या आधी रोज फुलं वेचावी लागतात, आणि मला त्याचा काडीचा कंटाळा येत नाही :)

खरं सांगू का, मला बागेचा सगळ्यात आवडता काळ हाच. सगळे वसंत वसंत करतात पण पुण्यात उन्हाळ्यात मी बागेत जाते ती फक्त पाणी घालायला आणि पावसाळ्यात जाते ती तुंबलेली भोकं मोकळी करायला. खुर्ची टाकून, हातात चहा घेऊन नुसतं बसायचं ते आत्ताच, तेही साडेआठच्या आत कारण नंतर ऑक्टोबर हीट हाकलून देते. सध्या फुललेत: प्राजक्त, गोकर्ण (निळी, डबल), सोनटक्का शेवटचा शेवटचा, अबोली, आणि गुलबक्षी, जी बरोब्बर चार साडेचारला उमलते आणि मला चहाची आठवण करून देते.

आता रडगाणं. पिवळ्या शेवंतीच्या तीन कुंड्या आहेत. गेल्या वर्षी दिवाळीत कुंड्या दिसत नव्हत्या इतकी फुलं होती. यंदा रोपं गुडघ्याएवढी, पानं अशी हिरवीगार की भाजी करावी, पण कळी म्हणून नाही. शेंगदाण्याची पेंड भिजवून दोनदा घातली. काय चुकतंय?

तुमच्या बागेतलं पण लिहा, नुसते उपाय नकोत.

खुरपं | ६ ऑक्टोबर, सकाळी ९:१५

ताई, पेंड बंद करा आधी. नत्र जास्त झालं की झाड पानांच्या मागं लागतं. शेंडे शेवटचे कधी खुडले? आमच्याकडं नियम असा की गणपती उठले की शेवंतीच्या शेंड्याला हात लावायचा नाही. त्यानंतर खुडलं की कळी लांबते.

बागेतलं लिहा म्हणताय तर, आमच्या साताऱ्याकडच्या घरी परसात कोरांटीला कळ्या धरल्यात, पांढरी आणि जांभळी. कोरांटी लोक विसरलेत. कसलं खत नाही की कसलं औषध नाही, काडी खोचली की लागते आणि थंडी सुरू झाली की देवाला रोज ओंजळभर फूल. पण नर्सरीत मागा, तो तुमच्याकडं असा बघतो की जणू तुम्ही बाभळ मागितलीत.

ओसरी | ६ ऑक्टोबर, सकाळी ९:३२

शेंडे ऑगस्टच्या मध्यात खुडले होते, त्यानंतर नाही. पेंड बंद. कोरांटीची काडी पाठवता का कुरियरने? (अर्धी गंमत, अर्धी नाही.)

पाटा_वरवंटा | ६ ऑक्टोबर, सकाळी १०:०५

तुमच्याकडे निदान फुलं तुमची तुम्हाला मिळतात. आम्ही डोंबिवलीत तळमजल्यावर राहतो, कंपाउंडच्या आत जास्वंद, तगर आणि अनंत लावलाय आणि सकाळी पाच वाजता मॉर्निंग वॉकवाले भक्तगण प्लॅस्टिकच्या पिशव्या घेऊन हजर. एकाकडे तर आकडा लावलेली काठी आहे. काठी!! फांदी वाकवून कळ्यासकट ओरबाडतात. नवरात्रात तर नऊ दिवस आमच्या झाडाला फूल असतं हे आम्हाला फक्त ऐकून माहीत. दुसऱ्याच्या झाडाची चोरून नेलेली फुलं देवी कशी काय घेते हा माझा प्रामाणिक प्रश्न आहे.

वऱ्हाडी_ठसका | ६ ऑक्टोबर, दुपारी १:२०

बाप्पा, काठीवाले सगळीकडे आहेत. आमच्या अमरावतीत एक आजी होत्या, त्या फुलं तोडता तोडता आमच्याच आईला विचारायच्या "काऊन गं, यंदा मोगरा कमी आला का?"

आमच्याकडे झेंडू जोरात आहे. आणि हो, दसऱ्याची माळ फेकू नका कोणी. दारावरची माळ सुकू द्या, मग फुलं कुस्करा, काळ्या बारीक काड्यांसारखं बी निघतं, पांढऱ्या शेपटीचं. ते मातीवर पसरवा आणि वरून चिमूटभर माती भुरभुरा. चार-सहा दिवसात कोंब. दोन महिन्यात फूल, म्हणजे मार्गशीर्षातल्या गुरुवारांना घरचा झेंडू. मी दर वर्षी करतो. बाजारातला झेंडू बहुतेक हायब्रिड असतो त्यामुळे पोराला आईचं रूप येईलच असं नाही, माळेत गच्च गोंडा असतो आणि उगवतं ते कधी कधी पाच पाकळ्यांचं एकेरी फूल. मला तेच आवडतं, फुलपाखरं पण त्याच्यावरच बसतात.

दर्यासारंग७ | ६ ऑक्टोबर, संध्याकाळी ६:४८

वेंगुर्ल्याहून हजेरी. आमच्याकडे सोनटक्का कुंडीत नसतो हो, विहिरीच्या पन्हळीचं पाणी जिथं साचतं तिथं त्याचं रान असतं. संध्याकाळी फूल उमललं की वास घरात येतो आणि मग डास पण येतात, दोन्ही एकदम. पुण्यातल्या लोकांनी सोनटक्क्याची कुंडी पाण्याच्या ताटलीत ठेवायला हरकत नाही, तो हळदी-आल्याच्या कुळातला, पाय ओले आवडतात त्याला. फुलून झालेला दांडा मुळापाशी कापा, त्याला परत फूल येत नाही, नवीन कोंबाला येतं.

अबोलीबद्दल कोणी नाही लिहिलं. लहानपणीचा आमचा ऑक्टोबरचा उद्योग म्हणजे अबोलीच्या वाळलेल्या बोंड्या पाण्याच्या वाटीत टाकायच्या आणि वाट बघायची. फट्ट करून फुटतात आणि बी कुठल्या कुठे. चुलतभावाच्या सदऱ्यात टाकून त्याच्या पाठीवर पाणी ओतायचं हा पुढचा टप्पा. बोलत नाही म्हणून अबोली म्हणे.

आणि प्राजक्ताची देठं फेकू नका ताई. आजी ती सावलीत वाळवून डबीत ठेवायची, गरम पाण्यात टाकली की केशरी रंग.

रानजाई | ६ ऑक्टोबर, रात्री ९:१०

ओसरी, एक वेगळाच प्रश्न विचारते. तुझ्या शेवंतीवर रात्री उजेड पडतो का? गॅलरीतला दिवा, रस्त्यावरचा, कुठलाही?

ओसरी | ६ ऑक्टोबर, रात्री ९:२६

अगं बाई. सोसायटीने ऑगस्टमध्ये पार्किंगसाठी नवीन एलईडी फ्लडलाइट लावलाय, पहिल्या मजल्याच्या उंचीवर, म्हणजे थेट माझ्या टेरेसच्या तोंडावर. रात्री मला तिथे पेपर वाचता येतो. मी तक्रार केली तर म्हणाले सीसीटीव्हीसाठी लागतो. पण त्याचा आणि कळीचा काय संबंध?

रानजाई | ६ ऑक्टोबर, रात्री १०:०२

मग सापडला चोर. (काठीवाला नाही, दिव्यावाला.)

शेवंती ही रात्र मोजणारी वनस्पती आहे. आम्ही बॉटनीत तिला शॉर्ट डे प्लांट (लहान दिवसांत फुलणारं झाड) शिकवतो पण खरं म्हणजे तिला लागते ती लांब, सलग काळोखी रात्र. पानं काळोखाचे तास मोजतात आणि रात्र पुरेशी मोठी झाली की शेंड्याला निरोप जातो की आता पानं पुरे, कळी धर. शरद ऋतूत रात्री पुरेशा मोठ्या होतात म्हणून ती आत्ता फुलते, थंडी पडते म्हणून नव्हे. मधेच उजेड पडला की तिच्या हिशोबाने रात्र तुटली. तुझ्या शेवंतीचा अजून जून महिनाच चालू आहे गं.

१९२० साली गार्नर आणि अ‍ॅलार्ड या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी हे मांडलं. त्यांच्याकडे तंबाखूची एक जात होती जी उन्हाळ्यात शेतात नुसती ताडमाड वाढायची पण फुलायची नाही, आणि हिवाळ्यात काचघरात मात्र फुलायची. खत, पाणी, तापमान सगळं तपासून शेवटी ते कुंड्या दुपारीच एका काळोख्या खोपटात ढकलायला लागले आणि सकाळी बाहेर काढायला लागले. भर उन्हाळ्यात फुलं आली. आज शेवंतीचे मोठे उत्पादक हेच दोन्ही बाजूंनी वापरतात, फूल लांबवायचं असेल तर रात्री बल्ब लावतात, लवकर हवं असेल तर संध्याकाळीच काळं कापड ओढतात.

तू असं कर. संध्याकाळी सहा ते सकाळी सात कुंड्या झाक, रोज, सुट्टी नाही. कळ्यांना रंग दिसेपर्यंत. पण तीनपैकी एक कुंडी तशीच दिव्याखाली ठेव. जुनी मास्तरीण आहे, तुलना नसली तर मी मार्क देत नाही.

खुरपं | ६ ऑक्टोबर, रात्री १०:१९

च्यायला. तीस वर्षं शेवंती लावतोय, गणपती उठले की शेंडा खुडायचा नाही एवढं माहीत होतं, का ते आज कळलं. पेंडीवर उगीच खापर फोडलं मी. (तरी बंदच ठेवा.)

पाटा_वरवंटा | ६ ऑक्टोबर, रात्री १०:४०

म्हणजे आमच्या बिल्डिंगची दिवाळीची लायटिंग १५ दिवस चालते त्यात शेवंती मेली म्हणायची.

ओसरी | ८ ऑक्टोबर, सकाळी ८:०५

झाकण्याची सोय केली. खोके वाऱ्याने उडाले, काळी पिशवी टाकली तर आत घाम आला. शेवटी सासऱ्यांची जुनी काळी छत्री दोन कुंड्यांच्या मधे रोवली आणि तिच्या काड्यांना चारही बाजूंनी माझा जुना काळा परकर उसवून पिना मारल्या. खाली फट आहे, हवा खेळते. दिसायला भयाण आहे. शेजारच्या काकूंनी काल विचारलं, "पाऊस तर गेला गं, छत्री कशाला?" मी म्हटलं शेवंतीला झोप लागत नाही. त्या बराच वेळ माझ्याकडे बघत होत्या.

बर्फातला_मोगरा | ८ ऑक्टोबर, रात्री ११:३०

न्यू जर्सीहून. धागा वाचून हसू पण आलं आणि जीव पण तुटला. इथे हा खरा ऑटम, झाडं लाल-पिवळी, आणि सगळ्या दुकानांबाहेर भोपळ्यांच्या शेजारी काय तर शेवंतीच्या गोल गोल कुंड्या! इथे त्यांना मम्स म्हणतात. पहिल्या वर्षी मी वेड्यासारख्या सहा घेतल्या, दाराशी मांडल्या, आईला व्हिडिओ कॉलवर दाखवल्या. आई म्हणाली वास कसा आहे? वाकून बघितलं तर तोच, तो कडवट हिरवा. दिवाळीच्या वेण्यांचा. मग फोन जरा लवकर ठेवला.

बाकी आमच्या बागेत हा महिना पळापळीचा. रात्रीचं तापमान १० डिग्रीच्या खाली जायच्या आत मोगरा, तुळस, कडीपत्ता सगळे घरात. त्याआधी पानांच्या खालून धुवायचे, नाहीतर मावा आणि पांढरी माशी पण घरात हिवाळा काढतात. डेलियाचे कंद पहिल्या फ्रॉस्टने पानं काळी पडली की उकरायचे. आणि आत्ताच ट्युलिप, डॅफोडिलचे कंद पुरायचे, फुलं एप्रिलमध्ये. खारी ट्युलिपचे कंद उकरून खातात, डॅफोडिलला शिवत नाहीत, विषारी असतात ते. तुमच्याकडे काठीवाले, आमच्याकडे शेपटीवाले.

मेलबर्नकर | ९ ऑक्टोबर, पहाटे ४:५०

आमच्याकडे आत्ता वसंत आहे, शेवंती फुलते एप्रिल-मेमध्ये. इथे मदर्स डेला आईला शेवंती द्यायची पद्धत आहे कारण तेव्हा आमचा शरद असतो. एवढंच सांगायचं होतं. तुम्ही छत्र्या लावा.

खुरपं | १० ऑक्टोबर, सकाळी ७:३०

आता बाकीच्या झाडांचं पण बोला. पाऊस थांबला की लोक एक चूक हमखास करतात, पावसाळ्याच्या सवयीनं पाणीच घालत नाहीत. इकडं ऊन असं की आठ दिवसात कुंडीतली माती आवळून कडेनं सुटते. मग पाणी घातलं की ते कडेनं सरळ खाली जातं, ताटली भरते, आपण खूश, मुळं कोरडीच. आधी वरची माती खुरप्यानं हलकी करा, दोन इंच, चहाच्या चमच्यानं केली तरी चालेल, आणि मूठभर शेणखत द्या. पावसानं सगळं धुऊन नेलेलं असतं.

आणि गुलाब आत्ता छाटा. भीती वाटते माहितीये, पण ऑक्टोबरमध्ये छाटला की दीड महिन्यानं थंडीतलं मोठं फूल मिळतं.

ओसरी | १० ऑक्टोबर, सकाळी ७:५८

गुलाबाला आत्ता दोन कळ्या आहेत, नाही छाटणार. मन होत नाही.

खुरपं | १० ऑक्टोबर, सकाळी ८:०३

सगळे हेच म्हणतात. मग जानेवारीत फोटो टाकून विचारतात फुलं बारीक का.

वऱ्हाडी_ठसका | १३ ऑक्टोबर, सकाळी ११:००

दसरा झाला. माळा उतरवल्या का? आठवण करून देऊन राहिलो.

आमच्याकडे कोजागिरीपर्यंत भुलाबाई आहेत, पोरींना रोज ताटलीभर फुलं लागतात, त्यामुळे अंगणातली गुलबक्षी आणि तेरडा साफ. तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात पण बी पाहा, शेंगेला हात लावला की उडते आणि पुढच्या पावसात अंगणभर तोच. एकदा लावला की माणूस जाईल पण तेरडा जाणार नाही.

रानजाई | १३ ऑक्टोबर, संध्याकाळी ५:४०

तुमच्या रस्त्यांवर बुचाची झाडं आहेत का कोणाकडे? पुण्यात आता पहाटे फुटपाथवर त्या लांब देठाच्या पांढऱ्या फुलांचा खच असतो. दोराशिवाय वेणी गुंफायची, देठात देठ अडकवत. मी अजून गुंफते, वय विचारू नका. पण त्याच वेळी सप्तपर्णी पण फुलते आणि तिचा वास रात्री असा अंगावर येतो की खिडकी लावावी लागते. हौसेने लावतात, तीन वर्षांनी डोकं धरून बसतात. घराशेजारी लावणार असाल तर आधी ऑक्टोबरच्या रात्री एखाद्या मोठ्या झाडाखाली दहा मिनिटं उभे राहून या.

दर्यासारंग७ | १४ ऑक्टोबर, दुपारी ३:१५

लिंबाच्या रोपावर पक्ष्याच्या विष्ठेसारखं काही चिकटलेलं दिसलं तर फवारू नका हो. फुलपाखराची अळी असते, लहानपणी तशी दिसते म्हणजे कोणी खाऊ नये. थोडी पानं जातील, जाऊ देत.

ओसरी | १६ ऑक्टोबर, संध्याकाळी ७:२०

रानजाई मॅडम, आज कोजागिरी. आम्ही टेरेसवर दूध आटवणारे, सगळे दिवे बंद करून. शेवंतीवरची छत्री आज काढली तर चालेल का? चांदण्यात तिला पण बसू दे असं वाटतंय. की चंद्र पण तिची रात्र तोडतो?

रानजाई | १६ ऑक्टोबर, संध्याकाळी ७:३१

चंद्राचा उजेड अगदीच क्षीण गं, शेवंतीच्या खिजगणतीत नाही. अडचण तुमच्या सोसायटीच्या चंद्राची आहे, तो बंद होणार असेल तर काढ.

ओसरी | १६ ऑक्टोबर, रात्री ११:५५

सेक्रेटरींना मसाला दूध पाजून दोन तास बंद करवला!! पार्किंगमध्ये कोणी तरी गाडी खांबाला घासली म्हणे. मी काही बोलले नाही. छत्री परत लावली.

ओसरी | ३ नोव्हेंबर, सकाळी ८:१२

दिवाळीच्या गडबडीत दोन दिवस नीट बघितलंच नव्हतं. आज सकाळी परकर वर केला आणि कळ्या. मिऱ्याएवढ्या, प्रत्येक शेंड्याला पाच-सहा. दोन्ही कुंड्यांत. आणि दिव्याखालची तिसरी कुंडी: उंची पावणेतीन फूट, कळी शून्य. फोटो टाकलाय, डावीकडची बघा, नुसती पालेभाजी. मी स्वयंपाकघरात जाऊन घरच्या सगळ्यांना हात धरून बाहेर आणलं. मुलगा म्हणाला, हे मिरे दाखवायला उठवलंस?

रानजाई | ३ नोव्हेंबर, सकाळी ८:४०

दहापैकी दहा. आता शेंड्यांच्या कोवळ्या भागावर काळा मावा बघत जा, कळी आली की तो हमखास येतो. दिसला तर आधी पाण्याच्या फवाऱ्याने धू, नाही गेला तर लिटरला पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि दोन थेंब भांडी घासायचं लिक्विड, संध्याकाळी मार, उन्हात नको. छत्री अजून आठ-दहा दिवस.

पाटा_वरवंटा | ४ नोव्हेंबर, सकाळी ६:२५

आनंद आहे. माझ्याकडची बातमी: आज पहाटे पावणेपाचला कंपाउंडच्या आड दबा धरून बसलो. काठीवाल्या काकू आल्या. मी उठून उभा राहिलो आणि जोरात विचारलं, "कोणाला विचारून तोडताय?" त्या अजिबात न दचकता म्हणाल्या, "तुझ्या आईला." घरात जाऊन विचारलं तर मातोश्री म्हणाल्या, हो, मीच सांगितलंय न्यायला, मला वाकवत नाही, अर्धी फुलं त्या आपल्याच देव्हाऱ्याशी आणून ठेवतात, तुला काय वाटलं रोज परडीत फुलं कुठून येतात?

मी गेली चार वर्षं घरातल्या परडीकडे बघितलेलं नाही असं निष्पन्न झालं.

वऱ्हाडी_ठसका | ४ नोव्हेंबर, सकाळी ६:४१

हाहाहा. काऊन भाऊ, देवी कशी काय घेते विचारत होते ना?

बर्फातला_मोगरा | ४ नोव्हेंबर, सकाळी ७:१०

आमच्याकडे फ्रॉस्ट पडलं. मम्स काळवंडल्या. मोगरा खिडकीशी बसलाय, दोन पानं पिवळी करून रुसलाय. ओसरी, फूल आलं की फोटो नक्की टाक, मोठा.

ओसरी | ५ डिसेंबर, सकाळी ७:०५

आज मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. शेवंती फुलली. एका कुंडीत अकरा, दुसरीत नऊ, पूर्ण उमललेली. दिवाळी चुकली पण गुरुवार साधला. पहिलं फूल तोडायला हात होईना म्हणून आधी अर्धा तास नुसती बघत बसले, चहा गार. दसऱ्याच्या माळेतला झेंडू पण उगवलाय, चौदा रोपं, एकाला पहिली कळी, बघू गच्च निघतो की एकेरी. तिसरी कुंडी मागच्या काळोख्या गॅलरीत हलवली नोव्हेंबरात, तिला आत्ता कुठे मिरे धरलेत.

सेक्रेटरी काल स्वतः वर आले, छत्री बघितली, परकराकडे न बघितल्यासारखं केलं, आणि म्हणाले पुढच्या वर्षी दिव्याला खाली वळवणारं झाकण बसवू, पण आमच्या मिसेसना एक रोप द्या. फुलं संपली की बुडाशी मुनवे येतील ते काढून लावणार आहे. कोणाकोणाला हवेत?

खुरपं | ५ डिसेंबर, सकाळी ७:२२

मला चार. कोरांटीच्या काड्या कालच कुरियर केल्यात. आणि गुलाबाचं काय झालं?

ओसरी | ५ डिसेंबर, सकाळी ७:२४

फुलं बारीक आहेत.